कीड आधी पांढरी असते

प्रश्न असा आहे: “मुलगी साडेतीन वर्षांची आहे. तिच्या वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीला लागून, पांढरी रेघ दिसते. घासून जात नाही. दुखत काहीच नाही. रात्री दुधाची बाटली तोंडात धरूनच झोपते. सासूबाई म्हणतात, दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत, डॉक्टरकडे कशाला? मोठा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याच्या अगदी मागच्या दाढेच्या खाचेत तपकिरी रेघ आहे. दोघांना दाखवायला हवं का?”

ताई, हो, दोघांनाही दाखवायला हवं. मुलीला याच आठवड्यात न्या आणि मुलालाही तिच्याबरोबरच घेऊन जा. रात्रीतून काही बिघडणार नाही, त्यामुळे घाबरू नका. बावीस वर्षं मी लहान मुलांचेच दात बघते आहे. माझ्याकडे बहुतेक आया येतात त्या दातात भोक पडल्यावर, मूल रात्री कळ येऊन रडत उठायला लागल्यावर. तुम्ही पांढऱ्या रेघेवर विचारताय. या टप्प्यावर ड्रिल लागत नाही, सुई लागत नाही, आणि दात सावरण्याची खरीखुरी शक्यता असते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या दुखण्याला आपण ‘कीड’ म्हणतो आणि त्या शब्दानंच बराच घोटाळा केलाय. कीड म्हटलं की डोळ्यांसमोर अळी येते, काळं भोक येतं. लहानपणी आमच्या गावच्या बाजारात रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे काढून दाखवणारा माणूस बसायचा. वाटीतल्या पाण्यात पांढरं काहीतरी तरंगताना दिसायचं आणि लोक पैसे द्यायचे. ते दातातून आलेलं नसायचं. दातात अळी नसतेच. पण तो समज इतका पक्का आहे की काळं दिसेपर्यंत कुणाला कीड लागली असं वाटतच नाही. खरं तर कीड आधी पांढरी असते. काळी ती फार पुढे होते.

आत काय चाललेलं असतं ते सांगते. दातावर सतत एक चिकट, मऊ थर साचत असतो. सकाळी उठल्यावर जिभेला दात बुळबुळीत लागतात तो हाच. त्यात जंतू राहतात. त्यांच्यातला मुख्य म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, जो क्लार्क नावाच्या संशोधकानं 1924 साली किडलेल्या दातांतून वेगळा काढून दाखवला. आपण गोड खाल्लं की हे जंतूही खातात, आणि काही मिनिटांत आम्ल तयार करतात. दाताचं वरचं आवरण, म्हणजे एनॅमल, वजनानं जवळजवळ 96 टक्के खनिज असतं. शरीरात त्याच्याइतकं कठीण दुसरं काही नाही. पण तोंडातला पीएच (आम्लाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की त्यातून कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडायला लागतं.

स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाची फोड रात्रभर उलटी राहिली, तर सकाळी तिथं काय दिसतं? खड्डा पडलेला नसतो. फक्त चकाकी गेलेली असते, एक भुरका डाग उरतो. तुमच्या मुलीच्या दातावरची रेघ म्हणजे हेच. फरक एवढाच की कडप्प्याला लाळ नाही. आपल्या तोंडात लाळ आहे, आणि ती अर्ध्या ते एका तासात आम्ल निवळून टाकते, विरघळलेली खनिजं परत दातात बसवते. दिवसभर ही झीज आणि भर चाललेलीच असते. झीज भरीपेक्षा जास्त झाली आणि तसंच महिनोन्महिने चाललं, की पांढरा डाग उमटतो. मात्र त्या डागाचा अगदी वरचा पापुद्रा अजून शाबूत असतो, पोकळपणा त्याच्या खाली असतो. म्हणूनच तो भरून निघू शकतो. पापुद्रा फुटून भोक पडलं, की मग दात आपणहून भरत नाही.

आता घरी बघायचं कसं. बाथरूमच्या दिव्याखाली बघू नका, सकाळी खिडकीशी बसा. मुलीला मांडीवर आडवी घ्या, डोकं तुमच्या मांडीवर आणि पाय आजीच्या मांडीवर. हात आजींना धरू दे. बोटानं वरचा ओठ नाकाकडे उचला, अगदी हिरडी दिसेपर्यंत. बहुतेक पालक मूल हसतं तेव्हा दिसतात तेवढेच दात बघतात, आणि कीड सुरू होते ती ओठाच्या आड, हिरडीच्या कडेला. ओल्या कापडानं दातांवरचा थर पुसा. मग कापसाच्या कोरड्या बोळ्यानं दात टिपून कोरडा करा आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजा.

हे कोरडं करणं महत्त्वाचं आहे. भिंतीला मारलेला चुना ओला असताना फारसा पांढरा दिसत नाही, वाळला की उठून दिसतो. दाताचंही तसंच. पोकळ झालेल्या भागात लाळ शिरलेली असते तोवर डाग लपून राहतो. लाळ वाळून तिथं हवा शिरली की तो पांढरा होऊन समोर येतो. फक्त वाळवल्यावर दिसणारा डाग वरवरचा असतो. ओल्या दातावरही स्पष्ट दिसत असेल तर झीज खोलवर गेली आहे. तुम्हाला रेघ नुसत्या डोळ्यांना दिसली, म्हणजे ती दुसऱ्या प्रकारातली आहे. उशीर झालेला नाही, पण महिना-दोन महिने थांबण्याची मुभाही नाही.

डागाचं रूप नीट बघा. फळ्यावरच्या खडूसारखा, मंद, चकाकी नसलेला डाग म्हणजे कीड चालू आहे. पांढरा किंवा तपकिरी असूनही तुळतुळीत, चकचकीत असेल तर ती थांबलेली कीड असू शकते. हिरडी तिथं लालसर असेल, ब्रश लागला की रक्त येत असेल, तर समजा की तो थर त्या जागी रोजच साचून राहतोय. आणि कृपा करून नखानं, टाचणीनं, दातकोरणीनं तो डाग खरवडून बघू नका. आम्हाला शिकताना अणकुचीदार प्रोब दातात अडकतो का ते दाबून बघायला शिकवलं होतं. माझ्या प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षी एका मुलीच्या अशाच पांढऱ्या डागावर मी टोक दाबलं आणि वरचा पापुद्रा कट्‌कन आत गेला. फ्लोराईडचं वार्निश, म्हणजे दात बळकट करणारा लेप, लावून सावरला असता असा दात होता. त्याला भोक मी पाडलं आणि मग सिमेंटही मीच भरलं. तेव्हापासून मी नजरेनं, उजेडानं आणि हवेच्या झोतानं बघते. तुमचे डॉक्टर टोकदार हत्यार दाबून बघायला लागले तर ‘वाळवून बघता का?’ असं जरूर विचारा. त्यात त्यांचा अपमान नाही.

प्रत्येक पांढरा डाग कीड नसतो, हेही सांगायला हवं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरी सोय नसेल तर 1.5 पर्यंत चालतं. त्याहून जास्त पाणी लहानपणी पोटात गेलं की पक्के दात फ्लोरोसिसचे डाग घेऊनच उगवतात. ते डाग दोन्ही बाजूंना जोडीनं असतात, आडव्या ढगाळ रेघांसारखे, आणि दातावर पसरलेले. किडीचा डाग हिरडीच्या वळणानं जातो, जिथं थर साचतो नेमका तिथं. कधी एखाद्याच दातावर टोकाकडे पांढरा-पिवळा ठिपका असतो. तो बहुधा दात घडत असतानाचा दोष असतो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो. तुमच्या मुलीची रेघ हिरडीला लागून आहे, ती बाटली घेऊन झोपते, म्हणून माझा कल किडीकडेच आहे.

बाटलीचं असं आहे. झोपेत लाळ जवळजवळ आटते आणि गिळणंही मंदावतं. दूध वरच्या पटाशीच्या दातांभोवती डबक्यासारखं साचून राहतं. खालचे पुढचे दात जिभेच्या आड असतात आणि त्यांच्याजवळच लाळेच्या ग्रंथींची तोंडं असतात, म्हणून ते वाचतात. वरचे चार खराब आणि खालचे चार स्वच्छ असं चित्र दिसलं की न विचारताही मला कळतं, मूल बाटली घेऊन झोपतं. दुधात साखर किंवा चॉकलेटची पावडर असेल तर आणखी वाईट. नुसतं दूध दिवसा कपातून प्यायलं तर दातांचं काही बिघडत नाही. रात्रभर तोंडात राहिलं तर बिघडतं.

बाटली एका रात्रीत ओढून घेऊ नका. आठ-दहा दिवस लावा. आधी साखर बंद करा, मग दूध थोडं थोडं कमी करत पाणी वाढवा. शेवटी बाटलीत नुसतं पाणी उरलं की मुलं सहसा स्वतःच तिचा नाद सोडतात. पाण्याची बाटली घेऊन झोपली तर दातांना धोका नाही. रात्रीचं दूध जेवणानंतर कपात द्या, मग दात घासा, आणि त्यानंतर सकाळपर्यंत पाण्याशिवाय तोंडात काही नको. दोन-तीन रात्री रडारड होईल. त्या रात्री घरातल्या सगळ्यांनी एकच धोरण ठेवायला हवं, नाहीतर आईनं ‘नाही’ म्हटल्यावर आजीकडून बाटली मिळते आणि केलेलं सगळं पाण्यात जातं.

घासण्याबद्दल. साडेतीन वर्षांच्या मुलीला स्वतःचे दात नीट घासता येत नाहीत. तिला हौस असेल तर आधी घासू दे, पण मग ब्रश तुम्ही हातात घ्या. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत हे मोठ्यांचंच काम आहे. दिवसातून दोनदा, आणि त्यातली रात्रीची वेळ चुकवू नका. पेस्टच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत फ्लोराईडचं प्रमाण असतं, ते 1000 पीपीएमच्या आसपास हवं. लहान मुलांची म्हणून मिळणाऱ्या काही पेस्टमध्ये 500 च्या जवळपासच असतं, आणि कित्येक आयुर्वेदिक पेस्टमध्ये फ्लोराईड नसतंच. वाचून घ्या. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, तीन ते सहापर्यंत मटाराच्या दाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर लांब पट्टी मुलांना कधीच लावू नका. घासून झालं की थुंकायला लावा आणि खळखळून चूळ भरायला लावू नका, नाहीतर दातावर राहायला हवं ते फ्लोराईड बेसिनमध्ये जातं. ही एक गोष्ट पालकांना पटायला सर्वात जड जाते. चूळ भरल्याशिवाय तोंड स्वच्छ झालं असं आपल्याला वाटतच नाही.

लाल दंतमंजन, राखुंडी, कोळसा, मीठ यांनी खडूसारखा डाग जात नाही, मऊ पडलेलं एनॅमल तेवढं झिजतं. आणि घरात कुणाला मशेरी लावायची सवय असेल, तर ती भाजलेली तंबाखू आहे. तिच्यानं दातदुखी थांबल्यासारखी वाटते, पण तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. मुलांच्या हाती ती कधी पडू देऊ नका.

डॉक्टर काय करतील? मुलीच्या दातांवर फ्लोराईडचं वार्निश लावतील. पाच टक्के सोडियम फ्लोराईड असलेला चिकट पदार्थ छोट्या ब्रशनं लावतात, दोन मिनिटांचं काम. दात दिवसभर पिवळट दिसतील, ते उतरतं. त्या दिवशी गरम आणि कडक खाणं नको, आणि फक्त त्या रात्री घासू नका. दर तीन महिन्यांनी पुन्हा लावायचं. कुठं बारीक भोक पडलंच असेल आणि मूल हात लावू देत नसेल, तर सिल्व्हर डायअमाईन फ्लोराईड नावाचं औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. ते कीड बऱ्याच वेळा जागच्या जागी थांबवतं, पण किडलेला भाग कायमचा काळा करतं. पुढच्या दातांवर लावायचं तर हे आधीच माहीत हवं, म्हणून लिहिलं.

सासूबाईंचं म्हणणं मी रोज ऐकते, आणि त्यांच्या काळाच्या हिशोबानं ते चुकीचं वाटायचं कारणही नव्हतं. त्यांना एवढंच सांगा की दुधाचे दात सगळे एकदम पडत नाहीत. पुढचे दात वयाच्या सहा ते आठ वर्षांपर्यंत पडतात, पण दाढा पडायला दहा ते बारा वर्षांपर्यंत लागतात. म्हणजे नातीला आजच्या तोंडानं अजून सात-आठ वर्षं जेवायचं आहे. दुधाच्या दाताचं एनॅमल पक्क्या दाताच्या जेमतेम निम्म्या जाडीचं असतं, त्यामुळे कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत फार लवकर पोचते. मुळाशी पू झाला तर खाली घडत असलेल्या पक्क्या दातालाही इजा होऊ शकते. दाढ लवकर काढावी लागली तर शेजारचा दात त्या जागेत कलतो, आणि खालून येणारा पक्का दात वाट न मिळून वाकडा येतो. दुखतंय म्हणून नीट न चावणारी, एकाच बाजूनं जेवणारी, डब्यातली पोळी परत आणणारी मुलं मी खूप पाहिली आहेत. त्यांना लोक ‘नाटकी’ म्हणतात. त्यांचा दात दुखत असतो.

आता मुलाकडे येते. इथं मला तुमच्या मुलीइतकीच काळजी वाटते, कदाचित थोडी जास्त. सात वर्षांच्या मुलाची अगदी मागची दाढ म्हणजे दुधाची दाढ नव्हे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, म्हणून ती आली हे घरात कुणाला कळतच नाही. तीच पहिली पक्की दाढ, आयुष्यभराची. तिच्यावरच्या खाचा खोल आणि अरुंद असतात, काही इतक्या की ब्रशचा एक केससुद्धा आत जात नाही. पुरती वर येईपर्यंत ती बाकीच्या दातांपेक्षा खाली असते, म्हणून ब्रश तिच्यावरून तसाच सरकतो. तिच्यासाठी ब्रश गालाकडून आडवा आत घाला.

खाचेतली नुसती तपकिरी रेघ हा कधी कधी डागच असतो. पण रेघेच्या दोन्ही काठांना खडूसारखा पांढरेपणा असेल, किंवा वरून अख्खी दिसणाऱ्या दाढेतून राखाडी सावली दिसत असेल, तर कीड आत शिरली आहे. इथं घरचा अंदाज पुरा पडत नाही, तपासून गरज वाटली तर छोटा एक्स-रे काढावा लागतो. कीड नसेल किंवा अगदी वरवर असेल तर डॉक्टर खाचा सीलंटनं बंद करतील. दाढ स्वच्छ करून, वाळवून पातळ प्लॅस्टिकसारखं द्रव्य खाचेत ओततात आणि निळ्या दिव्यानं कडक करतात. सुई नाही, दुखणं नाही. सात वर्षं हे नेमकं त्याचं वय आहे.

खाण्याबद्दल थोडक्यात. किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हे दातांना जास्त लागतं. 1940 च्या दशकात स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म इथल्या इस्पितळात बौद्धिक अक्षमता असलेल्या रुग्णांवर हा प्रयोग झाला होता. त्या माणसांवर तो अन्याय होता, आज कुणी तसं करू नये. त्यातून दिसलं ते असं की जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांत कीड थोडीच वाढली, जेवणाच्या मधल्या वेळात चिकट टॉफी खाणाऱ्यांत ती फार वाढली. म्हणून श्रीखंड जेवताना खाऊ दे. मुलगी तासातासानं एकेक बिस्किट चघळत हिंडत असेल तर ते थांबवा. चहात बुडवलेलं बिस्किट दाढेवर लगद्यासारखं बसतं. गूळ आणि मध नैसर्गिक असले तरी जंतूंना साखरेइतकेच चालतात. खोकल्याचं गोड सिरप रात्री दिलं तर नंतर दात घासा. मधल्या वेळी शेंगदाणे (लहानगीला कुटून), काकडी, पनीर, उकडलेलं अंडं यातलं घरात चालेल ते द्या.

यापैकी काही दिसलं तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघू नका: रात्री झोपेतून उठवणारा ठणका, हिरडीवर पुळीसारखा फोड, गालावर सूज, दाताबरोबर ताप. सूज डोळ्याकडे किंवा हनुवटीखाली सरकत असेल, गिळायला त्रास होत असेल, तर थेट हॉस्पिटल गाठा. दुखऱ्या दाताशी ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. लवंगेचं तेलही लहान मुलांच्या तोंडात ओतायचं नसतं.

उद्या सकाळी खिडकीशी मुलीच्या दातांचा फोटो काढून ठेवा, ओठ उचलून, दात वाळवून. तीन महिन्यांनी त्याच खिडकीशी, त्याच वेळी दुसरा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. रेघ पूर्ण पुसली गेली नसेल तर निराश होऊ नका. बरेचदा ती पांढरीच राहते, कधी तपकिरी होते. बघायची ती चकाकी. खडूसारख्या डागाच्या जागी खिडकीचा उजेड परत चमकायला लागला असेल, तर दात भरून येतोय.